मोटारसायकलच्या कामाचे टेबल घरी बनवताना: पाइपची जाडी, पायांची बैठक आणि गाडीची बांधणी

ऐरोलीतील आपल्या बैठ्या घराच्या पोर्चमध्ये रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर काम करण्यासाठी आपल्याला लोखंडी टेबल बनवून घ्यायचे आहे. जमिनीवर बसून काम केल्याने कंबर आणि गुडघे धरतात, असे आपण लिहिले आहे. त्यासोबत आपण तीन प्रश्न विचारले आहेत: ४० बाय ४० मिलीमीटरचा चौकोनी पाइप पुरेल का, टेबल किती उंच असावे, आणि गाडी एकट्याने वर चढवता येईल का. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी २२ वर्षे फॅब्रिकेशनचे काम करतो आहे आणि या काळात गॅरेजसाठी व घरगुती वापरासाठी अशी बरीच टेबले बनवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की पाइपच्या जाडीचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, पण टेबलाच्या पायांची बैठक किती रुंद असावी हे फार थोडे लोक विचारतात. अपघात मात्र बहुतेक वेळा तिथूनच होतात.

माझे स्वतःचे पहिले टेबल मी ३० इंच उंचीचे, चार पायांचे आणि १८ गेजच्या, म्हणजे १.२ मिलीमीटर जाडीच्या, पाइपचे बनवले होते. त्याने दोन वर्षे गाड्यांचे वजन कुरकुर न करता पेलले, त्यामुळे ते भक्कम आहे असा माझा ठाम समज झाला. पुढे एका पावसाळ्यात स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा, गंजून बसलेला बोल्ट पितळी दट्ट्या लावून हातोडीने ठोकत असताना प्रत्येक घावासरशी टेबल किंचित आडवे डुलू लागले. दहा-बारा घाव झाल्यावर दोन पायांचे वरचे जोड तडकले, चौकट तिरकी झाली आणि गाडी पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली. पलीकडे त्या क्षणी कोणी उभे नव्हते, हे केवळ नशीब. टेबल खाली दबले नव्हते, आडव्या धक्क्याने कलले होते. तिरका आधार एकही नव्हता आणि सगळा भार चार कोपऱ्यांच्या वेल्डिंगवर होता. त्या दिवसापासून कोणत्याही टेबलाचा आराखडा मी खालून वर काढतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. क्लासिक ३५० चे वजन सुमारे १९५ किलो आहे. त्यावर वाकून जोर लावणाऱ्या माणसाचे ८० ते ८५ किलो धरले तर २८० किलो होतात, म्हणजे टेबलाच्या दोन लांब पाइपांपैकी प्रत्येकावर १४० किलो. टेबलाची लांबी सव्वादोन मीटर ठेवून फक्त चार पाय दिले आणि सगळा भार मध्यावर आला, तर ४० बाय ४० बाय २ मिलीमीटरच्या पाइपात दर चौरस मिलीमीटरला सुमारे २१० न्यूटन इतका ताण येतो. साधे पोलाद सुमारे २५० न्यूटनांना कायमचे वाकू लागते. याचा अर्थ, पाइप मोडणार नाही, पण मध्यभागी सुमारे २२ मिलीमीटर खाली झुकेल आणि हातोडीच्या धक्क्यासाठी हातात काही शिल्लक राहणार नाही. त्याच पाइपाला मध्यभागी आणखी दोन पाय दिले की मोकळा गाळा अर्धा होतो. ताण निम्म्यावर येतो आणि झुकणे एक अष्टमांश होते, म्हणजे ३ मिलीमीटरांच्याही आत. पाइपची जाडी वाढवून जो फरक मोठ्या खर्चाने पडतो, तो इथे दोन छोट्या पायांनी पडतो. म्हणून उत्तर असे की सहा पायांच्या टेबलाला ४० बाय ४० चा २ मिलीमीटर जाडीचा पाइप पुरतो. तरीही वरचे दोन लांब पाइप मी ५० बाय ५० बाय ३ चेच घालतो, कारण गाडी जखडणारे पट्टे बांधण्याच्या कड्या त्यांनाच जोडायच्या असतात आणि पातळ भिंतीवर वेल्डिंग करताना छिद्र पडण्याचा धोका असतो.

जाडी मात्र मोजून घ्यावी. दुकानात १४ गेज म्हणजे २ मिलीमीटर, १६ गेज म्हणजे १.६ आणि १८ गेज म्हणजे १.२ मिलीमीटर धरतात. पण प्रत्यक्षात हातात येणारा पाइप पुष्कळदा त्याहून हलका भरतो. टोकाला कापण्याची कड असल्यामुळे व्हर्निअरनेही फसगत होऊ शकते, म्हणून सर्वांत खात्रीचा मार्ग वजनकाट्याचा. ६ मीटर लांबीचा ४० बाय ४० बाय २ चा पाइप सुमारे १४ किलो भरला पाहिजे आणि ५० बाय ५० बाय ३ चा सुमारे २६ किलो. ११ किलोचा पाइप कोणी २ मिलीमीटरचा म्हणून देत असेल तर तो परत करावा. आपल्याला रबाळे एमआयडीसी जवळ आहे आणि मोठी खरेदी असेल तर कळंबोलीचा लोखंड बाजार आहेच, पण एका टेबलासाठी तिथवर टेम्पो करणे परवडत नाही. पुढे दिलेल्या मापाच्या टेबलाला चढणीच्या फळीसह ५० चा एक आणि ४० चे चार पाइप लागतात, म्हणजे सुमारे ८४ किलो लोखंड. त्या दिवसाच्या दराने गुणले की खर्चाचा अंदाज येतो. जस्त चढवलेला पाइप गंजत नाही म्हणून काही जण तो सुचवतात. मी तो टाळतो, कारण वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. घ्यायचाच असेल तर जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढावे आणि काम उघड्यावर करावे.

टेबलाचा वरचा पृष्ठभाग २२५० मिलीमीटर लांब आणि ६५० मिलीमीटर रुंद असावा. आपल्या गाडीच्या दोन चाकांमधील अंतर १३९० मिलीमीटर आहे, त्यामुळे पुढे चाक पकडण्याच्या चिमट्याला आणि मागे चाक काढण्याला पुरेशी जागा उरते. रुंदी याहून वाढवली तर गाडी हातापासून लांब जाते आणि आपण टेबलावर रेलून काम करू लागतो, म्हणजे कंबरदुखी पुन्हा परत येते. पायांची जमिनीवरची बैठक मात्र ९०० मिलीमीटर रुंद हवी. त्यासाठी पुढे, मध्ये आणि मागे असे तीन आडवे पाइप जमिनीलगत ठेवून पाय त्यांच्यावर उभे करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वाशे मिलीमीटर पाइप बाहेर येतो. त्याला पिवळा रंग द्यावा, नाहीतर पाय अडखळतो. गाडी आणि टेबल मिळून ३०० किलोच्या आसपास वजन होते. बैठक ५०० मिलीमीटर असेल तर जमिनीपासून एक मीटर उंचीवर सुमारे ७० किलोच्या आडव्या जोराने सगळे उलटू शकते, आणि अडकलेली गाडी हिसडताना एवढा जोर एक माणूस सहज लावतो. बैठक ९०० केली की तोच आकडा १३० किलोंच्या पुढे जातो.

तिरके आधार दोन्ही दिशांना द्यावे लागतात. स्विंगआर्मचा बोल्ट ठोकताना धक्का आडवा बसतो, तर मागच्या चाकाचा नट सोडवताना पान्याचा जोर गाडीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि टेबल पुढे-मागे लोळू पाहते. लांबीच्या दोन्ही बाजूंना एकेका गाळ्यात कर्णाप्रमाणे तिरका पाइप आणि रुंदीच्या दिशेने पुढच्या व मागच्या पायांच्या जोडीत एकेक तिरका पाइप द्यावा. नुसते कोपऱ्यात त्रिकोणी पत्ती लावून भागत नाही. पत्तीने जोडाचे रक्षण होते, पण चौकट तिरकी होण्यापासून थांबवते ती कर्णरेषाच.

वेल्डिंगविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे काम आपण फॅब्रिकेटरकडून करून घेणार आहात. आधी सगळीकडे फक्त टाके, म्हणजे ठिपक्याएवढे छोटे वेल्ड, मारून चौकट उभी करावी, दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत, फरक ३ मिलीमीटरांहून अधिक असेल तर टाका तोडून पुन्हा बसवावे, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. तेही एका कोपऱ्यात सलग न करता समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून करावे, नाहीतर उष्णतेने चौकट पिळली जाते आणि टेबल कायमचे तीन पायांवर उभे राहते. प्रत्येक जोड चारही बाजूंनी भरलेला असावा. वरून ग्राइंडर फिरवून जोड गुळगुळीत करण्याचा आग्रह आपण धरू नये. पातळ पाइपात त्या घासण्यानेच अर्धे वेल्डिंग निघून जाते. खडबडीत पण भरलेला जोड मला केव्हाही अधिक पसंत आहे. पाइपांची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत. ऐरोली खाडीलगत असल्याने तिथल्या दमट, खारट हवेत पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रंगाआधी तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक प्राइमरचे दोन हात द्यावेत.

वरच्या फळीसाठी १९ मिलीमीटरचे मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेले घ्यावे. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड आपल्याकडच्या एका पावसाळ्यात फुगते. प्लायच्या वरच्या थराचे रेषे टेबलाच्या लांबीच्या दिशेने असावेत, कारण खालचे आडवे पाइप रुंदीच्या दिशेने आहेत आणि प्लाय रेषांच्या दिशेने अधिक ताठ असते. आडवे पाइप पाच घ्यावेत. सेंटर स्टँड जिथे टेकणार ती जागा आधी गाडी उभी करून खडूने आखावी आणि तिथे ५ मिलीमीटरची पोलादी पट्टी घालावी. चाक आपले वजन रबरामुळे पसरवून देते, पण स्टँडचे दोन छोटे पाय तेच वजन दोन-तीन बोटांच्या जागेवर देतात आणि प्लायमध्ये खड्डा पडतो. खड्डा पडला की स्टँड एका बाजूला बसते. प्लायवर ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा ठोकला तर सांडलेले तेल लाकडात मुरत नाही. टेबलाच्या मागच्या टोकाला ४०० बाय २५० मिलीमीटरचा तुकडा बोल्टने काढता-घालता येईल असा ठेवावा, म्हणजे मागचे चाक खाली सोडून काढता येते. ही सोय नंतर करता येत नाही, म्हणून आराखड्यातच धरावी.

टेबलाला चाके लावू नयेत. आपल्याकडच्या पोर्चच्या फरशीला पाणी निघून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि ब्रेक असलेले चाकही त्यावर सरकते. त्याऐवजी खालच्या आडव्या पाइपांच्या टोकांना १६ मिलीमीटरचे नट वेल्ड करून त्यांत बोल्ट फिरवावेत. पाणसळ ठेवून ते कमी-जास्त केले की टेबल सपाट बसते.

उंचीबाबत माझे स्पष्ट मत आहे की घरगुती वापरासाठी टेबल ४५० मिलीमीटर उंच आणि स्थिर असावे. बुटक्या स्टुलावर बसून इंजिन आणि चाके बरोबर हाताच्या उंचीवर येतात. याहून उंच टेबलावर उभे राहून काम करता येते हे खरे, पण चढण लांब लागते, गाडीचा तोल वर जातो आणि चढवताना हँडल खांद्याच्याही वर जाते. आपण कात्रीसारखे वर-खाली होणारे टेबल घरीच करावे का, असेही पुढे विचारावेसे वाटेल, म्हणून आत्ताच सांगतो. कात्रीचे पाय जमिनीशी फक्त १० अंशांत असताना २५० किलो उचलण्यासाठी तळाच्या स्क्रूला सुमारे १४०० किलोंचा आडवा जोर द्यावा लागतो. तोच कोन ३० अंश झाला की ४३० किलो पुरतात. म्हणजे सर्वाधिक ताण उचलण्याच्या पहिल्या काही इंचांत येतो आणि मोटारीच्या जॅकचा स्क्रू किंवा घरी ड्रिल केलेली खीळ तिथेच दगा देते. बॉटल जॅकवर उभे केलेले टेबल तर मी कोणालाही बनवून देत नाही, कारण तेलाचे सील सुटले की टेबल खाली येते. वर-खाली होणारे टेबल हवेच असेल तर यंत्रावर बनलेले, प्रत्येक टप्प्यावर पोलादी खिळीचे कुलूप असलेले विकत घ्यावे.

४५० मिलीमीटर उंचीसाठी चढणीची फळी १८०० मिलीमीटर लांब हवी. हे प्रमाण एकास चार आहे, म्हणजे गाडी ढकलताना तिच्या वजनाचा चौथा हिस्सा, जवळजवळ ५० किलो, आपल्याला पेलावा लागतो. जागा वाचवण्यासाठी फळी एक मीटरची केली तर ओढ जवळजवळ ९० किलो होतेच, शिवाय टोकाला दोन्ही चाकांच्या मध्ये गाडीचा तळ टेकतो. क्लासिकचा तळ जमिनीपासून १७० मिलीमीटर वर असतो. एकास चारच्या चढणीत वळणाच्या टोकाशी त्यातले सुमारे ९० मिलीमीटर खर्च होतात, तर एक मीटरच्या फळीत जवळपास सगळेच. फळी टेबलाला नुसती टेकवू नये. दोन १२ मिलीमीटरच्या खिळींनी ती अडकली पाहिजे, कारण चाक वर चढताना फळीला मागे ढकलते. तिच्यावर जाळी किंवा चेकर पत्रा असावा, आणि तिच्या डाव्या बाजूला आपल्या पायांसाठी ३०० मिलीमीटर रुंदीची दुसरी, तितकीच उताराची फळी असावी. ही दुसरी फळी बहुतेक जण विसरतात. गाडी वर जाते आणि माणूस खालीच राहतो, मग हँडल वर हात ताणून धरावे लागते आणि तोल गाडीच्या बाजूने सुटतो.

गाडी वर आली की पुढचे चाक चिमट्यात जावे. आपल्या गाडीचा पुढचा टायर १०० मिलीमीटर रुंदीचा आहे. स्क्रूने आवळणाऱ्या दोन पट्ट्या टायरच्या रबरावरच दाबाव्यात. स्पोक किंवा डिस्कला त्यांचा स्पर्श होऊ नये. त्यानंतर चार पट्टे: दोन पुढच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पपासून (हँडलखाली फोर्कच्या दोन्ही नळ्या एकत्र धरणाऱ्या तुकड्यापासून), दोन मागच्या सीटखालच्या चौकटीपासून, चारही बाहेरच्या दिशेने आणि खाली. पट्टा आवळणारे रॅचेट ओढताना फोर्क साधारण एक तृतीयांश दाबला गेला की थांबावे; पूर्ण दाबल्यास फोर्कमधील तेलाच्या सीलवर ताण येतो. पट्टे हँडलच्या टोकांना बांधू नयेत, हँडल फिरते. कड्या १२ मिलीमीटरच्या, घडीव आणि वरच्या ५० च्या पाइपाला वेल्ड केलेल्या असाव्यात. प्लायमध्ये स्क्रूने बसवलेली कडी पहिल्याच जोरात उपटते. पट्ट्यावर दोन आकडे छापलेले असतात; त्यातला मोठा आकडा पट्टा तुटण्याचा असतो, वापरण्याचा नाही. पुढचे चाक काढायचे असेल तेव्हा चिमट्याचा आधार जातो. त्या वेळी गाडी सेंटर स्टँडवर घेऊन स्टँडचा पाय पुढच्या बाजूला चौकटीला पट्ट्याने बांधावा, कारण गाडी पुढे सरकली की स्टँड मागे मिटते. इंजिनाखालच्या चौकटीला छोटा जॅक लावावा आणि मागचे दोन पट्टे तसेच ठेवावेत. साइड स्टँडवर टेबलावर गाडी कधीही सोडू नये.

पोर्च उघडा आहे ही आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. तरीही पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती टेबलावरून खाली उतरते आणि फरशीवरून दूरवर पसरते. पेट्रोलची नळी किंवा टाकी काढण्याच्या दिवशी पोर्चमधील तुळशीपुढचा दिवा विझलेला असावा, बॅटरीची ऋण तार आधी सुटलेली असावी आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. टेबलाचे वेल्डिंग पोर्चमध्ये गाडीशेजारी करू देऊ नये. ते वर्कशॉपमध्येच व्हावे.

टेबल घरी आले की गाडी चढवण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. रेतीच्या ५० किलोंच्या ८ गोण्या मध्यभागी रचून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी गोण्या उतरवून लांब पाइपाच्या कडेने दोरी ताणली असता ती दोन्ही टोकांसह मध्यालाही टेकली पाहिजे. मग वरच्या कडेला दोर बांधून एका माणसाने पूर्ण ताकदीने आडवे, नंतर लांबीच्या दिशेने ओढावे. टेबल ५ मिलीमीटरांहून अधिक हलता कामा नये. शेवटी प्रत्येक जोडावर पातळ तेल लावून कोरडे पुसावे आणि खडूची भुकटी टाकावी. जोडात तडा असेल तर आत राहिलेले तेल भुकटीवर काळी रेघ उमटवते. हीच परीक्षा दर वर्षी पावसाळा संपल्यावर करावी. माझ्या त्या पहिल्या टेबलाचे तडे अशाने सहज दिसले असते.

राहिला प्रश्न एकट्याने चढवण्याचा. इंजिन चालू करून, बसून चढवणे तर पूर्ण निषिद्ध. चाक फळीच्या टोकावर आले की क्लच किंचित जास्त सुटला तरी गाडी समोरच्या भिंतीत जाते. हाताने ढकलण्यासाठी दोन माणसे असावीत, एक डावीकडे हँडलवर आणि एक मागे सीटच्या कडीवर. एकट्यालाच करायचे असेल तर टेबलाच्या पुढच्या टोकाला ५०० किलो क्षमतेचा हँड विंच, म्हणजे हाताने फिरवून पट्टा ओढणारा रहाट, बसवावा, त्याचा पट्टा फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला बांधावा आणि गाडी थोडी थोडी ओढून घ्यावी. त्या वेळीही गाडी कलू नये म्हणून शेजारी कोणी असलेले बरे. उतरवताना अधिक काळजी लागते. गाडी मागच्या बाजूने खाली येते तेव्हा वजन मागच्या चाकावर जाते, पुढचे चाक हलके होते आणि पुढचा ब्रेक दाबला तरी ते चाक घसरते. म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच हळूहळू दाबत-सोडत खाली आणावी. क्लच सोडला की मागचे चाक इंजिनाने जागच्या जागी धरले जाते, आणि उतारावर तोच आपला खरा ब्रेक असतो. हा सराव आधी सपाट जमिनीवर दहा-बारा वेळा करून हाताला बसवावा आणि मगच पहिल्यांदा टेबलावरून गाडी उतरवावी.